विषय तोच राहील

कंडक्टरबाई पहिल्या दिवशी वर्गाकडे निघाल्या, तेव्हा दारातला शिपाई खुर्चीवरून ताडकन उठला. नव्या प्राध्यापिका आल्या, असंच त्याला वाटलं.

"बसा हो," बाई म्हणाल्या, "मी शिकायला आलेय."

अर्धं आयुष्य त्यांनी शहरातल्या बसमध्ये तिकिटं फाडली होती. गुडघे कुरकुरायला लागले तशी नोकरी सोडली, आणि आता बाई स्वस्थ बसतील म्हणून घरच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. तर बाईंनी पर्यावरणशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतला. इतकी वर्षं ज्या धुरात उभं राहून खोकलो, तो धूर म्हणजे नेमकं काय, हे त्यांना एकदा समजून घ्यायचं होतं.

धाकट्या दिरांना हसू आवरेना. "वहिनी, घरातल्या कुंड्यांना पाणी घाला. झालं पर्यावरण!"

"कुंड्या तुम्ही बघा, भाऊजी. मला तास आहे."

लेक त्याच कॉलेजात कॉमर्सला. आई आपल्याच कॉलेजात येणार म्हटल्यावर तिने आधी डोक्याला हात लावला आणि मग हळूहळू सवय करून घेतली. रसायनांची सूत्रं बाईंच्या डोक्यात शिरता शिरत नव्हती. लेकीने ती भाजी निवडता निवडता त्यांच्याकडून घोकून घेतली. पहिली दोन वर्षं अशी रखडत, धापा टाकत पार पडली.

घोडं अडलं ते तिसऱ्या वर्षी, प्रकल्पावर. बाईंनी विषय निवडला कॉलेजमागचं तळं. बेडूक, चतुर, पाणकोंबड्या, पाण्यातला प्राणवायू, सगळं त्या मोजणार होत्या. आणि नेमकं तेच तळं बुजवून प्राचार्यांना तिथे गाड्यांसाठी वाहनतळ करायचा होता.

विभागप्रमुख सर सज्जन माणूस, पण प्राचार्यांचं नाव निघालं की आधी दाराकडे बघून घ्यायचे. "बाई, विषय बदला ना," ते अजिजीने म्हणाले. "ओला कचरा घ्या. सुटसुटीत आहे."

"सर, पाणथळ जागा का जपायच्या, ते तुम्हीच शिकवलंत. मी उतरूनही घेतलंय."

"ते परीक्षेपुरतं हो!"

"मग हीसुद्धा परीक्षाच आहे. विषय तोच राहील."

सरांनी हात टेकले. मग प्राचार्यांनी बोलावून घेतलं. कॉलेजची बदनामी खपवून घेणार नाही, म्हणाले. तुमची मुलगीही इथेच शिकते ना, असंही जाता जाता विचारलं.

हा बाण मात्र वर्मी लागला. संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "आई, माझंही शेवटचं वर्ष आहे गं." बाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. बसमध्ये दारू पिऊन चढलेल्यांना त्यांनी एका हाताने खाली उतरवलं होतं. पण लेकीच्या ताटाकडे बघत कुणाशी भांडायचं? ओला कचरा तर ओला कचरा, असं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं.

सकाळी त्या सरांना तसं सांगायलाच निघाल्या होत्या. पण मागच्या फाटकातून डंपर आत शिरताना दिसला. काठावर राडारोड्याचा एक ढीग आधीच पडला होता, नेमका बेडकांची अंडी होती त्या गवतावर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चपला काढून त्या सरळ डंपरच्या मागे, गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ बाई, बाजूला व्हा!" ड्रायव्हर ओरडला.

"नाही होत."

"मला वरून सांगितलंय!"

"मग वरच्यांना खाली पाठवा."

बघता बघता पोरं जमली. खिडक्या उघडल्या. आणि गर्दीतून लेक पुढे आली, बूट हातात घेऊन. पाण्यात उतरली आणि आईला खेटून उभी राहिली. तिच्यामागोमाग आणखी काही मुली उतरल्या.

प्राचार्य आले, लाल झाले, ओरडले. पण एवढ्या पोरींना पाण्यातून ओढून काढणार कोण? शेवटी परीक्षेपर्यंत काम थांबवतो, असं त्यांना सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं. त्याच दुपारी विभागप्रमुख सरांनी बाईंच्या प्रकल्पावर सही केली.

तोंडी परीक्षेला प्राचार्य स्वतः येऊन बसले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी उलटसुलट प्रश्न विचारले. काहींची उत्तरं आली, काहींना कंडक्टरबाईंनी सरळ "नाही माहीत" म्हटलं. प्राचार्य मध्येच म्हणाले, "बेडकांपेक्षा विद्यार्थ्यांची सोय महत्त्वाची नाही का?"

"सर, मी विद्यार्थीच आहे. आणि बसने येते."

परीक्षक बाईंनी हसू दाबलं आणि तळं दाखवायला सांगितलं. काठावर बराच वेळ फिरून जाताना त्या प्राचार्यांशी बाजूला काहीतरी बोलल्या. काय, ते कुणाला कळलं नाही.

बाईंना त्या प्रकल्पात मार्क बेताचेच पडले. सुट्टीत अर्धं तळं बुजलं, तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या. अर्ध्याला मात्र कुणी हात लावला नाही.

पदवी प्राचार्यांच्याच हातून घ्यायची होती. हसरा चेहरा ठेवून ते हळूच म्हणाले, "झालं ना समाधान?"

"अर्धंच," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्गालाही इथेच नाव घातलंय, सर. विषय तोच आहे."