वाडीची फुटलेली मतं

निकालाच्या दिवशी टीव्हीवर देशाचा नकाशा रंगायला लागला, की वेल्ह्याच्या डोंगरातली एक वाडी मला आठवल्याशिवाय राहत नाही. अमुक राज्य या बाजूला झुकलं, तमुक त्या बाजूला, आणि कोट घातलेली मंडळी कारणं सांगत बसतात. जात, लाट, महागाई. ऐकतो मी, सगळंच काही खोटं नसतं. पण माणूस मत कशावरून देतो, याचा तपास एकदा माझ्याच गळ्यात पडला होता. वाडीचं नाव सांगणार नाही, माणसांचीही सांगणार नाही. नोकरी सुटली तरी ती सवय सुटलेली नाही.

त्या भागातल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. विधानसभेचा निकाल नुकताच लागला होता आणि बंदोबस्ताने माझे शिपाई पार पिचून गेले होते. अशात वाडीच्या पोलीस पाटलाचा फोन आला. एका विधवा बाईची भाताच्या पेंढ्याची गंजी भरदुपारी जळाली होती, शेजारच्या गोठ्यात बांधलेली गाभण म्हैस मेली होती. "चुलीची ठिणगी उडाली असंल, सायेब," पाटील म्हणाला.

या बाईला गावात थोरली म्हणत. लेक भोरला दिलेली, घरात एकटी. त्या म्हशीच्या दुधावर तिचं सगळं चालायचं. पंचनाम्याला गेलो तेव्हा ती जळक्या गोठ्यासमोर बसली होती. रडत नव्हती. चूल घराच्या पार दुसऱ्या अंगाला आणि थंडगार. त्या दुपारी अख्खी वाडी एका लग्नाला मांडवात होती, थोरलीसुद्धा. मग ठिणगी उडाली कुठून? ज्याला विचारावं तो म्हणे, "ठिणगी उडाली असंल." अहो, खरं सांगणारी माणसं आपापल्या तऱ्हेने सांगतात, चुकतात, एकमेकांना खोडतात. सगळे एकच वाक्य बोलायला लागले, की समजावं बैठक झालेली आहे. आकस्मिक आगीची नोंद मी केली, पण कागद मिटवला नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. गावची लेक, शिवऱ्याला दिलेली, लग्नाला माहेरी आली होती. "सायेब, माजं नाव कुटं येऊ देऊ नका. ती आग लागली न्हाई, लावलीया. थोरलीनं भंडारा उचलला न्हाई ना, त्याचा राग हाय."

पाटलाला बोलावून घेतलं. चहा पाजला, जरा आवाज चढवला, तेव्हा त्याने सांगितलं. मतदानाआधी देवळात गाव बसतं. मत कुणाला, ते ठरतं. मग प्रत्येक घरातला कर्ता माणूस देवापुढचा बेल आणि भंडारा उचलून शपथ घेतो, की आमचं घर गावाच्या शब्दाबाहेर जाणार नाही. या वेळी गावाने वाडीच्या ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, बांधून देतो म्हणणाऱ्याला शब्द दिला होता. पावसाळ्यात ओढा चढला की वाडी तुटते आणि आजारी माणूस अलीकडेच अडकतो.

"पण मत ज्याचं त्याचं असतं ना रे?" मी म्हणालो.

"सायेब, आमची मतं मूठभर. एकगठ्ठा पडली तर कुनीतरी दारात येतं. फुटली तर कुत्रं इचारत न्हाई आमाला."

वाडीपुरतं ते खरंच होतं.

शपथेला फक्त थोरली नाही म्हणाली. पुढे मतमोजणीत वाडीच्या मतदान केंद्राचे आकडे बाहेर आले, तर थोडी मतं दुसरीकडे गेलेली. कुणाची, हे मशीन सांगत नाही. गावाने तपासही केला नाही. भंडारा उचलला नाही तिनेच घात केला, झालं! तिच्याशी बोलणं बंद झालं. लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. आणि त्याच दुपारी गंजी पेटली.

राग सगळ्यांचा होता, पण काडी कुणाची? शिवऱ्याच्या त्या लेकीला मी लग्नातले मोबाईलवरचे व्हिडिओ मागितले. आमचा एक हवालदार आणि मी ते पाहत बसलो. टाळ्या, नवरानवरी, नाचणारी पोरं, डोकं उठलं नुसतं! मग मानपान सुरू झालं. माइकवरून वाडीच्या कारभाऱ्याचं नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. शेवटी फेटा बांधून घ्यायला त्याचा धाकटा भाऊ पुढे आला.

मी व्हिडिओ थांबवला. आमच्याकडे मानाचा फेटा कुणी चुकवत नाही. आजारी माणूसही उठून येतो, नाव मागे-पुढे पुकारलं तरी जन्माचा रुसतो. मान टाकून हा गृहस्थ गेला कुठे?

कारभारी म्हणजे वाडीचा वडीलधारा, देवळात भंडाऱ्याचं ताट धरणारा. ठाण्यात आला तो पांढरा सदरा घालून, ऐटीत. मी आगीचा विषयच काढला नाही. "कारभारी, बसा. फेटा का नाही बांधून घेतला?" एवढंच विचारलं. निर्दोष माणूस असल्या प्रश्नाला हसला असता. हा घोटाघोटाने पाणी प्यायला लागला. "पोटात दुखत व्हतं" म्हणाला. मग "भावाला मान दिला" म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, "म्या निस्ती गंजी पेटवली, सायेब. म्हस आत बांदल्याली हाय, ह्ये ध्यानातच न्हाई आलं. देवाशप्पत."

"देवाची शपथ तुम्ही नका घेऊ," मी म्हणालो.

हळूहळू सगळं बाहेर आलं. फुटलेली मतं त्याच्याच घरची होती. दुसऱ्या बाजूच्या एका पुढाऱ्याने त्याच्या मुलाला हायवेवरच्या कारखान्यात कायम करून दिलं होतं, आणि बदल्यात घरची मतं मागितली होती. "पोराची नोकरी व्हती सायेब. म्या काय करायचं व्हतं?" देवळात भंडारा सगळ्यांच्या आधी त्यानेच उचलला होता, म्हणजे संशयच नको. पुढे गावात कुजबुज वाढली, आणि कुणी आपल्या घराकडे पाहण्याआधी त्याने थोरलीकडे बोट वळवलं. गंजी जळाली की गाव म्हणणार, देवानेच शिक्षा केली!

म्हातारा ओक्साबोक्शी रडला. मला त्याची चीड आली आणि कीवही आली. आजही दोन्ही येतात.

थोरलीचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. विचारलं, "मावशी, शपथेला नाही का म्हणालात?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला खाली बघावं लागलं. "माजा मालक ह्या वढ्याच्या काठावर गेला. पानी उतरायची वाट बघत बाजंवर गेला. साकव कुनाला पायजे व्हता, त्यास्नी का मला? माजं मत त्येलाच व्हतं, सायेब. जे म्या करनारच हाय, त्येची शप्पत माज्याकडनं मागत्यात व्हय?"

"मग गावाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! लई सांगितलं. कोन मानतंय? दावू कसं?"

गुप्त मतदान माणसाला वाचवण्यासाठी असतं, हे मी प्रत्येक निवडणुकीत शिपायांना समजावत आलो. त्याच गुप्ततेपायी या बाईला आपला खरेपणा सिद्ध करता येत नव्हता.

जाळपोळीचा गुन्हा दाखल केला, कारभाऱ्याला अटक केली, दोषारोपपत्र वेळेत पाठवलं. पण पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, आणि साक्षीदार एकेक करून फितूर झाले. पाटीलसुद्धा. फेटा चुकला म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. कारभारी सुटला. गावात त्याने सांगितलं, पोलिसांनी दमदाटी करून वदवून घेतलं. गावाने ते मानलं. मानायलाच हवं होतं हो! नाहीतर ज्याने शपथ घातली त्यानेच आपल्याला बनवलं, हे कबूल करावं लागलं असतं. ते कुणाला झेपणार?

साकव झाला, चांगला मजबूत झाला. थोरली मात्र तिथे राहिली नाही. तिला पाणी भरू द्यायलाही बायका खळखळ करत होत्या. "गावच्या म्हाताऱ्याला बेड्या घातल्या" हाही दोष तिच्याच माथी आला. ती लेकीकडे भोरला गेली.

निवृत्तीनंतर मीही भोरलाच राहतो. मागच्या निवडणुकीच्या तोंडावर ती मला एसटी स्टँडवर भेटली. थकली होती, पण तिने लगेच ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सहज विचारलं, "नाव अजून वाडीच्याच यादीत आहे ना? मतदानाला जाणार की नाही?"

ती हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. "कशी जाऊ सायेब? म्या गेले आन कुनाची मतं पुन्यांदा फुटली, तर? लेकीच्या दारात आता तिची म्हस बांदल्याली हाय."

तपास मी चोख केला होता, आरोपीही खरा पकडला होता. पण त्या बाईचं मत चोरीला गेलं ते गेलंच, आणि त्याची फिर्याद कुठल्या ठाण्यात नोंदवायची, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी शिकवलं नव्हतं.