कडुबाकाकांची कात्री

“आपल्या शूटिंगमधी माणूस कापायचा नाय,” हे कडुबाकाकांचं कायमचं बोलणं. कन्नडच्या आसपासच्या लग्नांत त्यांनी तीस वर्षं कॅमेरा खांद्यावर वागवला, आणि मांडवात आलेला एकही फेटा त्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही.

तेच काका आता मुकुंदवाडीत, तनुजाच्या एडिटिंगच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढं गुडघा हलवत बसले होते. गावच्या तात्यासाहेबांनी फोनवर साफ सांगितलं होतं, नातीच्या लग्नाचं तीन तासांचं शूटिंग आज संध्याकाळपर्यंत दोन तासांत बसवा, नाहीतर नातवाचं लग्न शहरातल्या स्टुडिओला.

“मी देऊ का करून?” तनुजानं विचारलं.

“तू केलं की पुढच्या लग्नाला तुलाच नेतील. मला शिकव, मास्तरीणबाई.”

तिनं दाखवलं. वरची लांब पट्टी चित्राची, खालची आवाजाची, शेजारी शेजारी ओढलेल्या दोन सऱ्यांसारख्या. नको तिथं कात्री मारायची, तुकडा काढायचा, मागचं पुढं सरकवून फट बुजवायची. काकांना कळलं झटक्यात, पण बसवेना. दोन तुकडे कापले की उठून दारात, चार पावलं, परत खुर्चीत.

तीन वाजता त्यांनी सत्काराचा भाग लावून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. माइकवाला पुकारत होता अप्परावांचं नाव, आणि टोपी-टॉवेल घेत होते सर्जेराव. दोघांचा बांधावरून वीस वर्षांचा अबोला.

“अगं, हे गावात दिसलं तर कुऱ्हाडी निघतील!”

“काका, तुम्ही नुसती वरची पट्टी कापली. आवाज जागेवरच राहिला. दोन्ही जोडून ठेवायच्या, एकदमच कापायच्या.”

केलेलं सगळं मागं घेतलं. पुन्हा पहिल्यापासून. काका परत दारात, परत आत. वेळ वाचवायचा तर पाहुणे गाळावे लागणार, आणि एकाही पाहुण्यावर हात उठेना. ऐकता ऐकता ते एकदम थबकले. प्रत्येक पाहुण्याच्या आधी त्यांचाच आवाज होता, “हां, इकडं बघा. टोपी सरळ करा. हसा की जरा, फुकट हाय!” तोवर पाहुणा बापडा नुसता उभा.

“हे राहू द्या, काका. लई गोड वाटतंय.”

“ह्या बाबाला कोणी आवतन दिलं होतं?” म्हणत काकांनी कात्री लावली. दोन्ही पट्ट्यांवर. एकेका पाहुण्याआधीचा आपला आवाज ते काढत गेले, दीड-दोनशे वेळा, आणि तेवढा वेळ मात्र खुर्ची सोडली नाही.

साडेपाचला हिशोब जमला, दोन तासांना तीन मिनिटं कमी. सगळे फेटे जागच्या जागी.

“आणि तुमचा आवाज?” तनुजानं विचारलं.

“तो नातवाच्या मांडवात ऐकतील की,” काका चपला शोधत म्हणाले.

पेन ड्राइव्ह खिशात घालून ते कन्नडची एसटी गाठायला निघाले. दर चार पावलांवर हात खिशाकडं जात होता. स्टँडकडच्या वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत तनुजा उंबऱ्यावर उभी राहून बघत होती.