आईच्या अंगठ्यावर उघडलेला लॅपटॉप

आमच्या घरात कॉलेजच्या पायरीला पाय लावलेला मी पहिलाच. बारावीनंतर सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागलो आणि मंगळवेढ्याजवळच्या आमच्या वस्तीवर त्याच दिवसापासून जाणकार ठरलो. कुणाचा मोबाईल अडकला, कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, अगदी कुणाची विहिरीवरची मोटार बंद पडली, तरी लोक मला हाक मारायचे. मी मोबाईल बंद करून परत चालू करायचो. निम्म्या वेळा तेवढ्यानं भागायचं. उरलेल्या वेळी मी मान हलवून म्हणायचो, "कंपनीचाच फॉल्ट हाय." कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी चालू करायचं बटण कुठं आहे ते मी शेजारच्याकडं चोरून बघितलं होतं, हे वस्तीवर कळायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी लॅपटॉप घ्यायचं ठरलं. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं आईच्या हवाली करून एसटीनं सोलापूरला आले. मी कित्येक दिवस मोबाईलवर लॅपटॉपचे व्हिडिओ बघून तयारी केली होती. दुकानात शिरल्या शिरल्या दुकानदारानं विचारलं, "कशासाठी पाहिजे?" तसे मी कोअर, रॅम, रिफ्रेश रेट असे पाठ केलेले सगळे शब्द एका दमात म्हणून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते कळलं," ते म्हणाले. "पण अभ्यासाला की गेम खेळायला?"

आबा शेजारी उभे होते. मी म्हणालो, "अभ्यासाला."

त्यांनी एक लॅपटॉप पुढं ठेवला. आबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, वजन अजमावलं, उलटा करून पोट बघितलं. बाजारात मेंढा घेताना ते असंच बघतात. मी हळूच दोन पावलं सरकून प्रिंटरच्या रांगेकडं गेलो आणि आपण दुसऱ्याच कुणाबरोबर आलोय असा चेहरा केला.

"चोरीला गेला तर?" आबांनी विचारलं.

"चोराला उघडताच येणार नाही, काका. ह्याला अंगठा लावावा लागतो. ज्याचा अंगठा ह्यात घातलाय त्यालाच हा ओळखणार."

आबांनी आयुष्यात इतकं मनापासून कुठलं यंत्र मानलेलं मी बघितलं नव्हतं. "हेच द्या," ते म्हणाले. माझे पाठ केलेले शब्द तसेच तोंडात राहिले.

लॅपटॉप घरी नेऊन सुरू करायचा कार्यक्रम लक्ष्मीपूजनाच्या दुपारी झाला. ओसरीवर सोलापुरी चादर अंथरली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला. आईनं हळदकुंकू आणलं. बटणांत कुंकू जाईल म्हणून मी ओरडलो, तेव्हा तिनं ते झाकणावर वाहिलं. शेजारपाजारचे बरेचजण जमले होते. मी मांडी घालून बसलो आणि पडद्यावर जे येईल ते समजावून सांगू लागलो. बराच वेळ पडद्यावर एक गोल नुसताच फिरत होता.

"ह्यो काय करतुया?" कुणीतरी विचारलं.

"आत कामं चालू हायती," मी म्हणालो. मला तेवढंच माहीत होतं.

वस्तीवर रेंज धड येत नाही, म्हणून दुकानदारानं नेटशिवाय खातं काढायची युक्ती सांगून ठेवली होती. ती जमली. मग लॅपटॉपनं पासवर्ड मागितला, पिन मागितला, आणि पासवर्ड विसरलात तर ओळख पटावी म्हणून काही प्रश्न विचारले. जन्म कोणत्या गावी झाला, पहिली शाळा कोणती, लहानपणी कोणतं जनावर पाळलं होतं. आता, एका व्हिडिओत मी ऐकलं होतं की अशा प्रश्नांना खरं उत्तर कधी देऊ नये, चोर ते शोधून काढतो. आमच्या वस्तीवर माझी पहिली शाळा शोधून काढणारा चोर कोण येणार होता कोण जाणे. पण मी सगळी उत्तरं खोटी दिली. पिनसुद्धा असा ठेवला की कुणाच्या बापाला ओळखता येऊ नये.

शेवटी अंगठ्याची वेळ आली. आबा म्हणाले, "पयला मान आईचा."

आई मागं सरली. "माजा अंगठा कुटं येतुया? रेशनचं मशीन बी घेत न्हाय."

ते खरं होतं. रेशनच्या दुकानात तिला दरवेळी बाजूला उभं करायचे आणि आबांना बोलावून आणायला लावायचे. मी तिचा हात धरून अंगठा बटणावर ठेवला. उचल, ठेव, परत उचल, परत ठेव, असं बऱ्याचदा झालं, आणि पडद्यावर बरोबरची खूण आली. आई त्या खुणेकडं बघत राहिली. मग पदरानं तिनं ते बटण पुसलं आणि म्हणाली, "घेतला की." त्यानंतर मी माझा अंगठा घातला.

सोलापुरात मी शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहत होतो. खोलीतला जोडीदार अक्कलकोटकडचा, माझ्याच वर्गातला. वैताग आला की तो कानडीत बोलायचा, आणि माझ्याबरोबर राहून त्याची कानडी फार वाढली होती. लॅपटॉप मी सदान्‌कदा अंगठ्यानंच उघडायचो. उघडताना आजूबाजूला कुणी बघतंय का, हेही बघायचो.

फेब्रुवारीत आमचे सेमिनार लागले. प्रत्येकानं एक विषय घेऊन वर्गापुढं बोलायचं. मी विषय घेतला होता, कॉम्प्युटरची सुरक्षा. सुंदर स्लाइड केल्या होत्या. एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आपल्या कामाची दुसरी प्रत नेहमी वेगळ्या जागी ठेवावी. त्या स्लाइडची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

सेमिनारच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जोडीदारानं मेसच्या भाकरीला नावं ठेवली. मी म्हणालो, भाकरी आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीची, आणि ती करावी आम्हीच. पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. कडा दाबायला गेलो आणि उजव्या हाताचा अंगठा सरळ तव्याला टेकवला. भाकरीचा नकाशा झाला होता. अंगठ्याला टपोरा फोड आला.

स्लाइडवरून एकदा नजर फिरवावी म्हणून लॅपटॉप पुढं घेतला, तर तो मला ओळखेना. फुंकर मारून लावला, तिरका लावला. मग त्यानं पिन मागितला. मी आठवून आठवून जे जे टाकलं ते ते चुकलं. पासवर्डाचंही तेच झालं. तेव्हा त्यानं ते प्रश्न काढले. तुमचा जन्म कोणत्या गावी झाला?

"मंगळवेढा टाक की," जोडीदार म्हणाला.

"ते न्हाय."

"मग कुठं झाला?"

"लंडनला. न्हायतर पॅरिसला. नक्की आठवत न्हाय."

तो कानडीत बरंच बोलला. बाकीच्या प्रश्नांची खोटी उत्तरं तर मला मुळीच आठवत नव्हती.

दुकानदाराला फोन केला. ते म्हणाले, उघडून देतो, पण सगळं पुसून नव्यानं घालावं लागेल, आत काही राहणार नाही. फोन ठेवला. मग जोडीदारानं विचारलं, "दुसऱ्या कुठल्या बोटाचा ठसा घातलेला नाही?"

"माझ्या न्हाय," मी म्हणालो.

आईला फोन लावला. तिला पिन, पासवर्ड समजावत बसलो नाही. म्हणालो, "आई, तुझा अंगठा लागतोय. उद्या सकाळी येतीस?"

"कशावर लावायचा?" तिनं विचारलं. जमिनीच्या कागदावर असेल असं तिला वाटलं असावं.

"लॅपटॉपवर."

"बरं," ती म्हणाली. "तेवड्यासाटनं रडाय काय झालं? येते की." मी रडत नव्हतो, पण तसा आवाज आला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती आली. हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणी. मी तिला स्टँडवरून रिक्षानं खोलीवर आणलं, पाणीही न विचारता लॅपटॉपपुढं बसवलं आणि अंगठा लावायला सांगितलं. लॅपटॉपनं नाकारला. परत लावला, परत नाकारला. तेव्हा मी तिचा हात नीट बघितला. ज्वारीची काढणी चालू होती. सगळा दिवस धाटं उपटून बोटं खरबरीत झाली होती, अंगठ्यावर बारीक चिरा पडल्या होत्या. मी घड्याळाकडं बघत होतो आणि तिला लवकर लाव, सरळ लाव, दाबू नको असं सांगत होतो. जोडीदार मध्ये पडला आणि म्हणाला, "आधी त्यांना चहा तर पिऊ दे."

आईनं चहा घेतला. मग म्हणाली, "कोमट पाणी दे. आनि खोबऱ्याचं तेल हाय का?" भांड्यात बोटं बुडवून ती बसून राहिली, आणि तेवढ्या वेळात जोडीदाराला त्याच्या घरच्यांची, त्यांच्या शेताची सगळी विचारपूस केली. हात पुसून अंगठ्याला तेलाचं नुसतं बोट लावलं, तेही पुसून घेतलं. मी तोवर लॅपटॉप बंद करून परत चालू केला होता. माझं तेवढंच कौशल्य.

तिनं अंगठा ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

आईला त्यात विशेष वाटलं नाही. "आता भाकरी खा," ती म्हणाली. मी आधी स्लाइड पेनड्राईव्हवर घेतल्या आणि मगच खाल्लं.

आलेच आहे तर कॉलेज बघते म्हणून ती आमच्याबरोबर निघाली. सेमिनार घेणाऱ्या मॅडमना विचारलं, तर त्यांनी तिला वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं. मी बोलायला उभा राहिलो. बोललो बऱ्यापैकी. संपल्यावर मॅडमनी विचारलं, "हे सगळं ठीक आहे. तू स्वतः काय काळजी घेतोस?"

मी काही बोलायच्या आत जोडीदार मान खाली घालून हसायला लागला. मग त्यालाच उभं केलं, आणि त्यानं सगळं सांगितलं, लंडन-पॅरिससकट. पूर्ण वर्ग हसला. मॅडमही हसल्या. कान गरम झाले होते, पण मीही हसलो, कारण शेवटच्या बाकावर आई सगळ्यांच्या बरोबरीनं हसत होती. तिला निम्मं कळलं नव्हतं. पोरगं बोलतंय आणि वर्गाला आवडतंय, एवढं तिला दिसत होतं.

दुपारी तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "मास्तरीण चांगली हाय. तुज्या अंगठ्याला तूप लाव."

उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीवर गेलो, तेव्हा कळलं की ही हकीकत एसटीतल्या कंडक्टरपासून देवळाच्या पारापर्यंत सगळ्यांना माहीत झालेली आहे. फक्त थोडी वेगळी. पारावरच्या एका म्हाताऱ्या काकांनी मला थांबवलं.

"तुजा कंप्युटर आईच्या परवानगीबिगर उगडत न्हाय म्हणं?"

मी समजावून सांगितलं. ठसा कसा घेतात, पिन म्हणजे काय, माझा अंगठा कसा भाजला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय की," ते म्हणाले. "त्येच म्हनतुया मी."

संध्याकाळी शेजारची काकू घरी आली. तिचा मुलगा बारावीला होता आणि ऐकण्यातला नव्हता. तिनं विचारलं, आईच्या अंगठ्याचा लॅपटॉप कुठं मिळतो. मी परत समजावायला तोंड उघडलं, आणि मग तिला दुकानाचा पत्ता दिला.