उगवल्यापासून मोजायचे दिवस

गिरजाबाईंची आणि माझी पहिली भेट तलावाच्या पाळीवर झाली आणि त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, जेवण झाले का. नव्वदचे दशक सरत आले होते. सिंदेवाही तालुक्यातल्या या गावी मी कृषी सहायक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. पिशवीत डायरी असे. पेरणी, पाऊस, थंडी रोज लिहून ठेवायची, ही कॉलेजपासूनची सवय. बाई तेव्हा गावाच्या पाणी समितीच्या प्रमुख होत्या. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. पण तलावातले पाणी कोणत्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या कोणत्या खाचरापर्यंत पोचेल, हे त्या पाळीवर उभ्या राहून सांगत आणि ते तिथेच पोचत असे.

त्या वर्षी पाऊस दसऱ्याआधीच परतला. धान वाचवता वाचवता तलाव तळाला गेला आणि धानामागून पेरलेल्या गव्हासाठी जेमतेम एका वेळचे पाणी उरले. गावाचा सगळा गहू त्या एका पाण्यावर होता. पेरणीनंतर साधारण एकविसाव्या दिवशी गव्हाला जमिनीलगत नवी मुळे फुटतात, तेव्हा पाणी द्यावे, हे मी शिकलो होतो. पाळीवर भरलेल्या सभेत मी डायरी उघडून पेरणीची तारीख वाचली, दिवस मोजले आणि सोमवारी तलावाची पाणी सोडायची मोरी उघडा, असे सांगून टाकले. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई मात्र खालच्या बांधीत उतरल्या, एक रोप मुळासकट हलकेच उपटून आणले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

“साहेब, याले वरची मुळं कुठी हायेत? लेकरू अजून रांगून नाई राह्यलं, अन् तुमी त्याले बाजारात धाडता.”

सभा खळखळून हसली. चूक माझ्या लक्षात आली. कोरड्या ढेकळांत पेरलेला दाणा कितीतरी दिवस तसाच पडून होता. पावसाचे एक हलके शिरवे येऊन गेले, तेव्हा कुठे तो उगवला. मी मोजले होते पेरणीपासून. सोमवारी मोरी उघडली असती, तर भेगाळलेल्या बांध्यांनी पाणी पिऊन टाकले असते आणि मुळे फुटायच्या वेळी तलाव रिकामा असता.

मग शिरवे नेमके कधी आले, यावर वाद सुरू झाला. कोणी म्हणे बाजाराच्या दिवशी, कोणी म्हणे त्याच्या आदल्या दिवशी. बाईंनी सगळ्यांना गप्प केले. “भांडता काऊन? साहेबाच्या वहीत पहा ना.”

नोंद होती. ‘संध्याकाळी शिरवे, माती चार बोटे ओली.’ अक्षर माझेच. लिहून ठेवले होते, पण मोजताना पाहिले नव्हते. त्या नोंदीवरून बाईंनी नवा दिवस ठरवला, त्या दिवशी मोरी उघडली आणि गहू तगला. पुढे त्या भेटेल त्याला सांगत राहिल्या की, साहेबाच्या वहीने गहू वाचवला. हे खरे नाही, असे मी दोनदा सांगून पाहिले. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “वही नसती त मी कायच्यावरून मोजलं असतं? चूप रहा.”

माघात त्याच बांधीत ओंब्या भाजल्या. पीक भरघोस नव्हते, पण दाणा भरला होता. पहिली मूठ बाईंनी चोळून, फुंकून माझ्या त्याच तळहातावर ठेवली.

पुढे माझी बदली ब्रह्मपुरीला झाली. तिथे हिवतापाने पडलो, तेव्हा बाई बस बदलत पेजेचा डबा घेऊन आल्या आणि मी पेज संपवेपर्यंत पलंगाशेजारून हलल्या नाहीत. काही वर्षांनी मी पुन्हा याच गावी आलो.

इतक्या वर्षांच्या माझ्या नोंदींत थंडी आखडत गेलेली दिसते, पण एका माणसाच्या डायरीवरून हवामान बदलले असे म्हणावे का, याचा मला अजून संकोच वाटतो. बाईंना तो नाही. “पह्यले शिमग्यावरी गोधडी लागे. आता संक्रांतीलेच पाय बाहेर निंगते,” असे त्या सांगतात. थंडी लवकर सरली की गव्हाचा दाणा चिमतो, हे ओळखून त्यांनी गहू तलावाजवळच्या बांध्यांपुरता ठेवला आणि शेवटाच्या बांध्यांत कमी पाण्यावर येणारी जवस आणि लाखोळीची डाळ घ्यायला लावली. स्वतःची बांधी शेवटाची, म्हणून गहू आधी त्यांनी सोडला. तरी गावात पहिली ओंबी आजही त्यांच्याच घरी जाते.

गावाने यंदा ठरवलेल्या या साठीच्या सत्कारासाठी आम्ही बाईंची जन्मतारीख शोधू लागलो, तेव्हा ती कोणत्याच वहीत सापडली नाही. मी आठवणी जुळवून साठ वर्षे काढली आणि त्यांना सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, “हे पेरल्यापासून मोजलं का उगवल्यापासून?”

तेव्हा बाईंची वर्षे कुठूनही मोजावीत, ती खूप भरावीत. गुडघे त्यांना दरवर्षी पाळीवरून बांधीत उतरू देवोत. यंदाही तलाव अर्धाच आहे आणि गहू उगवला आहे. उगवल्याची तारीख मी या वेळी पहिल्या पानावरच लिहिली आहे. तरी बाईंनी एक रोप उपटून आमच्या हातावर ठेवावे, मगच आम्ही मोरी उघडू.