वीस मेचा सैनिक

वीस मेच्या सकाळी योतला घास उतरेना. दुपारी विहाराच्या पटांगणात स्मरणदिनाचा नाट्यखेळ होता, अंगणातल्या दोरीवर त्याच्या सैनिकाच्या कामाचे काळे कपडे वाळत होते, आणि त्याची थोरली बहीण सारुन दोरीपुढे उभी राहून त्या कपड्यांकडे टक लावून बघत होती.

"हे कुणाचे गं?" तिनं शेजारच्या मालिसला विचारलं.

"कुणाचे नाहीत, मावशी. चला, भाजी निवडू."

"कुणाचे नाहीत तर वाळताहेत कशाला? आलेत ते गावात. मला सांगत नाही तुम्ही."

योतनं धावत जाऊन कपडे ओढले, पोत्यात कोंबले. पण उशीर झाला होता. सारुन घरात गेली आणि अंगातला फुलाफुलांचा ब्लाऊज काढून एक कळकट, रंग उडालेला घालून बाहेर आली. चाळीसेक वर्षांपूर्वी काळ्या कपड्यांतल्या सैनिकांची राजवट होती, तेव्हा रंगीत कपडा घालणं म्हणजे मरणाला हाक मारणं होतं.

योत साठीला टेकलेला. ताडावर चढून रस काढायचा, गूळ करून विकायचा. पण गावाला तो ठाऊक होता नट म्हणून. राजवट कोसळली, माणसं नुसता हाडांचा सापळा होऊन घरी परतली, त्यानंतरच्या वर्षांत बैलगाडीवर पेटारे लादून गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीत तो होता. आवाज खर्जातला, डोळे मोठाले, म्हणून कामं यायची ती राक्षसाचीच. काय ते दिवस! पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यानं मिशीला पीळ दिला की पुढची पोरं आयांच्या कुशीत तोंड लपवायची, आणि खेळ सुटल्यावर त्याच आया केळीच्या पानात बांधलेला गोड भात घेऊन त्याला शोधत यायच्या.

म्हणून दर वर्षी स्मरणदिनाला सैनिकाचं काम त्याच्याच गळ्यात पडे. त्या राजवटीत मारल्या गेलेल्यांच्या हाडांच्या स्तूपापुढे गावकरी तो काळ करून दाखवत: शेतात राबणारी माणसं, पळीभर पातळ पेज, आणि बांबू घेऊन उभा काळ्या कपड्यांतला सैनिक. ते कपडे चढवायला दुसरा कुणी तयार नसे. मेलेल्यांचा राग अंगाला चिकटतो म्हणत. खेळ झाला की विहारातले आचार्य त्याच्या डोक्यावर मंतरलेलं पाणी ओतत. तोवर त्यानं कुणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही, असा शिरस्ता.

गेल्या पावसाळ्यापासून सारुनचं डोकं मागं मागं चाललं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग योतची ओळखही गेली. ती त्याला कधी 'काका' म्हणे, कधी नुसतंच 'अहो'. त्या राजवटीची वर्षं मात्र जशीच्या तशी शिल्लक होती.

"या वर्षी राहू दे," आचार्य त्याला म्हणाले होते.

"मग कोण करेल? तुम्ही?"

"मी? माझं पोट बघ. उपासमारीच्या खेळात हे शोभेल का?"

सगळे हसले. मग शाळेतल्या बाई हळूच म्हणाल्या, "मुलांना वाटतं, म्हातारी माणसं रचून सांगतात. दाखवलं नाही तर उद्या हीच मुलं कुणाच्या तरी मागं बांबू घेऊन धावतील." योत हो म्हणाला, पण मालिसनं त्या दिवशी सारुनला घराबाहेर पडू द्यायचं नाही, हे कबूल करून घेऊनच.

खेळ सुरू झाला. योत बांबू आपटत फिरत होता, ओरडत होता, पण नजर सारखी फाटकाकडे. चोरी करणाऱ्या पोराचा प्रवेश आला. तो प्रवेश योतनं स्वतःच बसवला होता. लहानपणी भुकेपोटी त्यानं सामुदायिक शेतातला कसावाचा कंद उपटला होता. दिवसभर खुंटाला बांधून ठेवलं होतं त्याला, आणि संध्याकाळी कुणीतरी दोर सोडला. का सोडला, ते त्याला कधी कळलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दी फाकली. सारुन सरळ चालत आत आली. मागून मालिस धापा टाकत होती, "मावशी! अहो मावशी, थांबा!"

सारुन योतच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली, हात जोडले.

"दादा, सोडा हो त्याला. पोर आहे. भूक लागली म्हणून उपटलं. त्याच्या वाटचं मी राबते."

लोकांना वाटलं, यंदा नवा प्रवेश घातलाय.

"परवा तुम्ही विचारत होतात, कुणाच्या घरात शिकलेलं माणूस लपलंय म्हणून. मी सांगते. पण आधी माझ्या भावाचा दोर सोडा."

सारुनचा नवरा मास्तर होता. शिकलेल्यांना ते सैनिक मारून टाकत, म्हणून चष्मा जमिनीत पुरून, चिखलात हात घालून शेतकरी बनून राहिला होता. घरच्यांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. योत सुटला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तरला घेऊन गेले. कुणी सांगितलं, याचा पत्ता कधी लागला नाही. आणि आता सारा गाव कान देऊन बसला होता.

"त्याचं नाव..." सारुननं तोंड उघडलं.

"नाव नको!" योत गरजला. ती दचकून मागं सरली. त्यानं आवाज खाली आणला. "नाव नकोय मला. पोराला असाच सोडतो."

"असाच?"

"असाच."

"बदल्यात काही नको?"

"काही नको. ऊठ, घरी जा."

"शब्द देता?"

सैनिकानं शब्द द्यावा असं कुठल्याच खेळात कधी झालं नव्हतं. योतनं बांबू खाली ठेवला.

"देतो. पुन्हा कुणी येणार नाही. कुणालाच न्यायला येणार नाही."

टाळ्या कडाडल्या. मालिसनं सारुनला दंडाला धरून बाहेर नेलं. योतला तिच्यामागं धावायचं होतं, पण अजून डोक्यावर मंतरलेलं पाणी पडायचं होतं. आचार्यांचे मंत्र संपता संपेनात.

"आटपा ना हो!"

"घाई नको. राग असा पटकन धुतला जात नाही."

"राग कसला, आचार्य! बहीण गेलीय पुढं."

आचार्यांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि अख्खी घागर त्याच्या डोक्यावर रिकामी केली. योतनं काळे कपडे तिथंच उतरवले आणि ओल्या पंचानिशी घर गाठलं.

सारुन खांबांवर उभ्या घराच्या शिडीवर बसली होती. चेहरा निवलेला.

"या, बसा. भिजलात कुठं एवढे?"

"पटांगणात."

"ऐकलंत का? पोराला सोडलं. सैनिक भला निघाला. नाव सांगायची वेळच आणली नाही त्यानं." ती हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती.

योत खालच्या पायरीवर बसला. आपला जीव कशाच्या बदल्यात वाचला, हे त्याला आज कळलं होतं. तिच्यापाशी तो शब्द काढणार नव्हता. दुसऱ्या कुणापाशीही नाही.

थोड्या वेळानं ती मान उंचावून रस्ता न्याहाळू लागली.

"मग मास्तर का नाही आले अजून?"

योतनं पंचाचं ओलं टोक पिळलं. "बांध फुटलाय म्हणे पलीकडे. कामाला लावलंय सगळ्यांना. उशीर होईल."

"थांबते मग जेवायला."

"तुम्ही जेवून घ्या की."

"छे! नाव मी सांगितलंच नाही ना? मग येणारच ते."

ती सरकून बसली, शिडीवर आणखी एका माणसापुरती जागा केली. योतही रस्त्याकडे बघत राहिला. तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.