माझ्या घरचे निरोप

"माझ्या घरीपण बाबा आईशी बोलायचे नाहीत," प्लायवूडच्या पलीकडून मैत्रीण म्हणाली. "सगळं मलाच सांगायला लावायचे. आईला सांग हे, आईला सांग ते."

भाईंदरच्या त्या शाळेत आम्हा दोघींना मिळून एकच खोली मिळाली होती, खेळाचं सामान ठेवायची. मध्ये प्लायवूड ठोकून तिचे दोन भाग केलेले. आम्ही एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, समुपदेशन शिकत होतो आणि सरावासाठी या शाळेतल्या मुलांशी बोलायला यायचो. पलीकडचं सगळं ऐकू यायचं, म्हणून आम्हीच ठरवून घेतलं होतं, की एकीकडे मूल आलं की दुसरीनं व्हरांड्यात जाऊन बसायचं. मी उठलेही होते. ते वाक्य ऐकून दारापाशी थांबले.

मैत्रिणीचं घर भाईंदरजवळच्या राई गावात होतं. तिथं मी जेवले होते. तिचे वडील अंगणातून बायकोला हाक मारायचे ती रस्त्यापर्यंत जायची, आणि तिचं उत्तर त्याहून लांब. त्या घरात न बोलणारं कुणीच नव्हतं. निरोप माझ्या घरचे होते, मीरा रोडच्या आमच्या दोन खोल्यांतले.

ते तिला माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. पहिल्या वर्षी वर्गात आम्ही एकमेकींवरच सराव करायचो. एकीनं समुपदेशक व्हायचं, एकीनं आपली अडचण सांगायची, तिसरीनं नुसतं बघायचं. अडचण खरी हवी, असा मॅडमचा आग्रह असे. मी दर वेळी अभ्यासाचं टेन्शन सांगून सुटायचे, तेही इंग्रजीत. इंग्रजीत मला काहीच न सांगता बराच वेळ बोलता येतं. एके दिवशी आमच्यातली तिसरी आली नाही. मैत्रीण म्हणाली, "आज मराठीत बोल ना गं. किती ते फाडफाड इंग्लिश!"

मराठीत माझ्याकडे फक्त घर होतं. शाळा, पुस्तकं, कॉलेज, सगळं दुसऱ्या भाषेत झालेलं. म्हणून मग मी घरातलंच सांगितलं. मी पाचवीत असल्यापासून आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप माझ्यामार्फत जातात. आणि मी ते वाटेत बदलते. बाबा म्हणाले, "आईला सांग, तिच्या भावासारखा फुकट्या दुसरा नसेल," की मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणायचे, "बाबा विचारतायत, मामा कसा आहे." मूळचं वाक्य आईला ऐकू गेलेलंच असणार, दोन खोल्यांत अंतर ते किती. तरी ती माझ्याच वाक्याचं उत्तर द्यायची. "बरा आहे म्हणावं."

हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मैत्रिणीनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. संपल्यावर तिनं फक्त पाण्याची बाटली पुढे केली. इतकं चांगलं ऐकणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं.

आता ती पलीकडे म्हणत होती, "मग मी काय करायचे माहितेय? वाईट निरोप गोड करून सांगायचे."

समोर नववीतली मुलगी होती. कित्येक आठवडे ती यायची, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची आणि घंटा झाली की जायची. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा प्रश्न विचारला.

"मग बोलले का ते, ताई?"

"बोलले ना! माझ्या दहावीच्या निकालाला. बाबा स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला पेढा भरवला."

मुलगी रडायला लागली, आणि रडता रडता बोलायला लागली. मग मात्र मी बाहेर गेले.

सुटल्यावर बस स्टॉपकडे जाताना मैत्रीण नुसती उडत होती. "बोलली गं ती! सगळं बोलली!"

"ती गोष्ट..." मी म्हणाले.

"ऐकलंस होय तू? मग? तुझं नाव घेतलं का मी? माझ्या नावावर खपवली. तुला काय लागलं त्यात?" तिनं माझा दंड धरला. "आमच्या घरी काय हाय सांगण्यासारखं? भांडतात, बोंबलतात नि जेवायला बसतात. त्याच्यावर कोण रडणार? आणि तू तर कोणाला सांगतच न्हाय. पडूनच होतं की तुझ्याकडे!"

ती हसली. तिच्या मनात खोट नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. बसमध्ये मी आम्हाला शिकवलेले नियम आठवत राहिले. नाव सांगू नये, ओळख पटेल असं काही बोलू नये. तिनं त्यातला एकही मोडला नव्हता.

घरी बाबा म्हणाले, "आईला सांग, उद्या डबा नकोय, ते गवत खाऊन कंटाळा आलाय." मी स्वयंपाकघरात गेले. गोड वाक्य जिभेवर आलं ते मैत्रिणीच्या आवाजात. मी काहीच बोलले नाही. आई माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात मॅडमसमोर आम्ही सगळ्या आपापलं काम सांगायला गोल बसलो. मैत्रिणीनं त्या मुलीचं सांगितलं. मॅडम खूश झाल्या. समुपदेशकानं योग्य वेळी स्वतःचं थोडं उघड करणं किती अवघड असतं, त्याला किती धीर लागतो, असं बरंच बोलल्या. मैत्रीण मान खाली घालून ऐकत होती. मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तू शेजारीच असतेस ना? शिक जरा हिच्याकडून. दोन वर्षांत तुझ्याबद्दल आम्हाला काही म्हणजे काही कळलेलं नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

"आता ती मुलगीपण घरी निरोप गोड करून सांगते, मॅडम," मैत्रीण म्हणाली. "म्हणते, माझ्या दहावीच्या निकालाला आईबाबा नक्की बोलणार."

मी गप्प राहिले असते तर माझं घर माझंच राहिलं असतं. त्या खोलीतल्या कुणालाही कधी कळलं नसतं. आणि ती मुलगी अख्खं वर्ष निकालाच्या दिवसाकडे डोळे लावून बसली असती.

त्या वर्गात मी नेहमी इंग्रजीत बोलायचे. त्या दिवशी मराठीत बोलले, मैत्रिणीकडे न बघता.

"मॅडम, ते हिच्या घरचं नाही, माझ्या घरचं आहे. निकालाच्या दिवशी बाबांनी पेढे माझ्याच हातात दिले आणि म्हणाले, आईला दे. ते अजूनही बोलत नाहीत. त्या मुलीला वाट बघायला लावू नका."