एका हाताचा नमस्कार

माणूस हा मुळात पळून जाणारा प्राणी आहे, यावर आमच्या शेजारच्या निवृत्त हवालदारकाकांइतका गाढ विश्वास अख्ख्या महाड तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नसेल. बाजारात त्यांच्याबरोबर निघालं की ते आधी आपलं मनगट धरतात. माझ्या लग्नात मांडवापर्यंत त्यांनी मला असंच आणलं, आणि सासरच्या मंडळींचा जो गैरसमज व्हायचा तो झाला. आमची शेळी दावं तोडून पळाली की काका ओट्यावरूनच निकाल देतात, "दोनशे चोवीस. बांधली कशासाठी ते निराळं, पळाली हा गुन्हा निराळा." नवा कायदा आला, अटकेतून पळण्याचं कलम दोनशे बासष्ट झालं, तरी काका जुन्यावरच आहेत. "आकडा बदलला, पळणारे तेच," म्हणतात. देवळातसुद्धा त्यांचा नमस्कार एकाच हाताचा असतो. दुसऱ्या हातात काकूंचं मनगट असतं.

या नमस्काराची सुरुवात पोलादपूरच्या एका शिमग्यात झाली. वरच्या वाडीतला एक शेतकरी मारामारीच्या खटल्यात अटकेत होता. काका त्याला तारखेहून परत आणत होते. बेडी घालायला कोर्टाची परवानगी नव्हती, म्हणून मनगट. जोडीदार शिपाई एसटीची चौकशी करायला गेलेला. कैद्याचं सकाळपासून एकच चाललं होतं, "सायब, आज आमच्या घरी पालखी येतेय. बाप गेला, खांदा द्यायला माझ्याबिगर घरात कोन नाय. मान जाईल ओ आमचा." "कायद्यात पालखी बसत नाही," काका म्हणाले. तेवढ्यात स्टँडसमोरून गावाची पालखी ढोल वाजवत आली, आणि काकांनी दोन्ही हात जोडून डोळे मिटले. उघडले तेव्हा शेजारी कैद्याची नुसती पिशवी होती.

तो कुठे गेला हे विचारायला नकोच होतं. काका धापा टाकत डोंगर चढले, तर हा पालखीच्या दांड्याला खांदा देऊन अंगणात नाचतोय. देवाच्या पालखीखालून माणूस ओढायचा कसा? काका बूट काढून उभे राहिले. पालखी पुढच्या घराकडे निघाली तसा तोच समोर आला आणि मनगट पुढे करून म्हणाला, "चला सायब." संध्याकाळच्या आत दोघे महाडात. वरचे साहेब म्हणाले, आलाय ना परत, मग लिहू नका. काकांनी लिहिलं, त्याचं पळणंही आणि स्वतःचा हलगर्जीपणाही. पुढे मारामारीच्या खटल्यातून तो निर्दोष सुटला, पण पळाल्याबद्दल सहा महिने आत बसला. काकांची बढती हुकली. बढतीबद्दल ते कधी बोलत नाहीत. "मूळ गुन्हा त्याचा नव्हताच रे," हे मात्र कुणी विचारलं नसताना मध्येच म्हणतात, आणि तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नाही.

सुटल्यापासून दर शिमग्याला तोच त्यांना न्यायला येतो. काकांना आता फारसं दिसत नाही. यंदा मीही सोबत गेलो. चढावर त्याने काकांचं मनगट घट्ट धरलं होतं आणि काका कुरकुरत होते, "पळत नाही रे मी." पालखी अंगणात आली. काकांचा उजवा हात कपाळाशी गेला, डावा सवयीने त्याचा हात चाचपू लागला.

"दोनी हात जोडा, सायब. मी हाय इथंच."

काकांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. वाडीतली माणसं खांदा द्यायला त्याला हाका मारत होती. तो जागचा हलला नाही.